एका नजरेत घर

जनार्दन मांडवकरच्या मोबाइलचं पुढं जे काही झालं, त्याची सुरुवात लांज्यात लाइट जाण्यापासून झाली.

एका संध्याकाळी मस्कतजवळच्या रुसैलमधल्या कारखान्यातून कंपनीच्या बसनं बौशरला, आपल्या बिऱ्हाडी परतताना त्यानं नेहमीप्रमाणे बायकोला फोन लावला आणि नेहमीप्रमाणेच विचारलं, "मग, आज पोस्टात गर्दी होती का?" प्रेमा लांज्याच्या पोस्टात काउंटरवर बसते.

मग प्रेमा म्हणाली, "आज रविवार आहे."

"अरे हो! आमचा इथं रविवारी आठवडा सुरू होतो ना, डोक्यातच राहत नाही. मग काय, टीव्ही बघत असशील?"

"परवापासून लाइट नाही. वादळात खांब पडलाय. शेजारी फोन चार्ज करून तुम्हाला मेसेज टाकला होता."

"अगं, तो कुठंतरी खाली गेला असेल…"

"जाऊ दे हो. तुम्हाला तिथून इथलं काय दिसणार!"

ती चिडून बोलली असती तर एक वेळ चाललं असतं. चिडलेल्या बायकोला द्यायची उत्तरं जनार्दनकडं भरपूर होती, संसारच तेवढा जुना होता. पण प्रेमानं हे अशा आवाजात सांगितलं, की जसं काउंटरवर आलेल्या माणसाला सांगावं, साहेब, हे काम या खिडकीवर होत नाही. ते त्याला लागलं.

लागण्याचं आणखी एक कारण होतं. जनार्दन रंगाच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर. कुठली बॅच चांगली, कुठली अडलेली, कुठली बाद, हे दारातूनच कळावं म्हणून त्यानं कारखान्यात हिरव्या, पिवळ्या, लाल दिव्यांचा एक बोर्ड लावला होता. मॅनेजर हमझा आल्यागेल्या पाहुण्यांना तो बोर्ड 'माझी आयडिया' म्हणून दाखवायचा, यावरूनच तो किती चांगला होता ते समजावं. तर ज्या माणसाला अख्ख्या कारखान्याची तब्येत दारातून कळते, त्याला स्वतःच्या घरात लाइट नाही हे कळू नये?

त्यानं बसमध्येच मोबाइल नीट न्याहाळला. कंपनीचं सेफ्टी ॲप, बँकांची ॲपं, पिझ्झावाला, आपली पावलं मोजणारं एक आगंतुक ॲप, आणि 'लांजा मित्रमंडळ (खरे)' या ग्रुपवरचे शुभ सकाळ म्हणणारे नाचते नारळ. प्रेमाचा मेसेज त्या नारळांच्या ढिगाखाली सापडला. 'लाइट नाही. काळजी करू नका.' काळजी करू नका म्हटलेलं त्यानं शब्दशः पाळलं होतं.

त्यानं ठरवलं. हे सगळं साफ करायचं. फोन हातात घेतला की एका नजरेत घर दिसलं पाहिजे, अशी स्क्रीन तयार करायची.

"शेवटी नावच होम स्क्रीन आहे," तो सिराजला म्हणाला.

सिराज समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचा, बायको कुबरा आणि मुलांसोबत. मूळचा हर्णैचा. टायरच्या दुकानात मॅनेजर होता, पण सल्ला देणं हा त्याचा खरा व्यवसाय आणि टायर विकणं हा जोडधंदा. "जनूभाई, फोटोपासून सुरुवात करा," तो म्हणाला. "बाकी नंतर."

भाचीच्या लग्नातला प्रेमाचा एक छान फोटो होता. तो लावला. मग भारतातली वेळ दाखवणारं घड्याळ लावलं, ते नेमकं प्रेमाच्या कपाळावर बसलं. "भाभींच्या कपाळावर साडेनऊ वाजलेत," सिराज म्हणाला. घड्याळ खाली सरकवलं तर नाकावर आलं. लांज्याचं हवामान लावलं, ते तोंडावर. आता प्रेमा 'तेहतीस अंश, पावसाची शक्यता' असं काहीतरी बोलते आहे असं दिसू लागलं, आणि जनार्दनला ते इतकं खरं वाटलं की तो थोडा वेळ तसाच बघत राहिला.

"दीड तासाचा तर फरक," कुबरा चहा देता देता म्हणाली. "त्याला घड्याळ कशाला? बोटांवर मोजायचं."

"भाभी, दीड मोजायला अर्धं बोट कुठून आणू?"

पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीला, यशश्रीला, त्यानं स्क्रीनचा फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला. "बाबा, हे काय केलंय? आईचा फक्त उजवा कान दिसतोय."

"कान तरी दिसतोय," जनार्दन म्हणाला. एरवी वर्षातले अकरा महिने तोही दिसत नसे.

पण घड्याळ आणि हवामान म्हणजे काही घर नव्हे. तेव्हा त्यानं कारखान्यातला बोर्ड घरी लागू केला. प्रेमाच्या फोनवर एक ॲप टाकायला लावलं. तिनं सकाळी एका रंगावर बोट ठेवायचं, तो रंग इकडं याच्या स्क्रीनवर उमटायचा. हिरवा म्हणजे सगळं ठीक, पिवळा म्हणजे थोडी अडचण, लाल म्हणजे ताबडतोब फोन करा. पहिल्याच दिवशी पिवळा आला. जनार्दननं पोस्टात फोन लावला. लागला नाही. यशश्रीला लावला, ती मीटिंगमध्ये. मग शेजारच्या दाजीकाकांना लावला. ते छत्री घेऊन भर दुपारी पोस्टापर्यंत चालत गेले आणि रांग मोडून त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "प्रेमा, जनू विचारतोय, तुला काय झालंय?"

संध्याकाळी प्रेमाचा फोन आला. "मला हिरवा आवडत नाही," ती म्हणाली. "शेवाळ्यासारखा आहे तो. आणि दाजीकाकांना पुन्हा पोस्टात पाठवलंत तर मी लाल दाबेन आणि फोनही उचलणार नाही."

रंग रद्द झाले.

यावर खरी युक्ती सुचवली ती कुबरानं. "जनूभाई, घराचं हवामान स्वयंपाकघरात कळतं. आज काय केलं तेवढं भाभींना लिहायला सांगा."

ते मात्र जमून गेलं. प्रेमानं तिकडं आपल्या फोनवर एक ओळ लिहिली की ती इकडं जनार्दनच्या स्क्रीनवर, फोटोच्या खाली, आपोआप यायची. 'काळ्या वाटाण्याचं सांबारं, आंबोळ्या.' दुसऱ्या दिवशी, 'कुळथाची पिठी, भात, भाजलेला सुका बांगडा.' कारखान्यातल्या कॅन्टीनमध्ये पिवळ्या डाळीसमोर बसून जनार्दन आदल्या संध्याकाळची ओळ वाचायचा. शेजारी बसणारेही वाचायला लागले. थोड्याच दिवसांत पॅकिंगपासून गोडाऊनपर्यंत कोकणातला जो तो विचारायचा, "मांडवकर, काल वहिनींनी काय केलं?" आणि ऐकून झाल्यावर ताटं तशीच निम्मी परत जायची. कॅन्टीनवाल्यानं तक्रार केली की हा माणूस आमच्या जेवणाची बदनामी करतो. जनार्दननं त्याला समजावलं की मी तुमच्या जेवणाबद्दल एक अक्षर बोललेलो नाही. कॅन्टीनवाला म्हणाला, "तेच तर."

संध्याकाळी फोनवर तो प्रेमाला खोदखोदून विचारायचा. खोबरं भाजून घातलंस की कच्चं? कोकम किती टाकलंस? प्रेमा सगळं सांगायची. इतक्या वर्षांत त्यांच्या फोनवर एवढं बोलणं कधी झालं नव्हतं. एरवी लाइटबिल, यशश्रीचं लग्न आणि खोकला यांवर गाडी थांबायची.

इथं थांबायला हवं होतं. पण सिराज होता.

"वाचून काय होतंय? दिसलं पाहिजे," सिराज म्हणाला. "अंगणात कॅमेरा लावा. माझा भाचा ओवेस रत्नागिरीत तेच काम करतो. उद्या जाऊन लावून येईल."

प्रेमा आधी नको म्हणाली. मग नारळ चोरीला जातात हे कारण पुढं करून जनार्दननं तिला तयार केलं. ओवेसनं कॅमेरा पडवीच्या खांबावर, फाटकाच्या दिशेनं लावला. आता स्क्रीनवर वरच्या बाजूला जनार्दनचं अंगण आलं. फाटक, तुळस, दोरीवरचे कपडे, मधूनच उडणारं केळीचं पान. पहिल्या दिवशी त्यानं बसमध्ये तासभर नुसतं फाटक पाहिलं. शेजारच्या सीटवरचा माणूस म्हणाला, "मॅच आहे का?"

गैरसोय एवढीच होती की काहीही हललं की फोन वाजायचा. मांजर गेलं की वाजायचा, पान हललं की वाजायचा. आणि कॅमेऱ्यातून दोन्हीकडचं बोलणं ऐकू येतं ही बातमी वाडीभर पसरल्यावर तर कठीण झालं. दाजीकाका रोज फाटकातून आत येऊन खांबासमोर उभे राहायला लागले. त्यांच्या मते ती जनूला भेटायची जागा होती.

असेच ते एकदा, कारखान्यात सुरक्षा सभा चालू असताना आले. हमझा आग लागल्यावर काय करावं ते सांगत होता, सगळे मान खाली घालून बसले होते, आणि जनार्दनच्या खिशातून खणखणीत आवाज आला, "जनू! ऐकतोस काय रे? येताना माझ्यासाठी गुडघ्याचा बाम आण! मागचा पातळ होता!"

सभा थांबली. हमझानं विचारलं, "हे कोण?"

"माझे काका."

"कुठं आहेत?"

"इंडियात. अंगणात."

हमझानं फोन मागून घेतला, बराच वेळ पाहिला. दाजीकाका खांबाकडं बघत उत्तराची वाट पाहत उभे होते. "म्हातारे आहेत," हमझा हळूच म्हणाला. "बाम नक्की पाठव." मग त्याला आपलं पद आठवलं आणि त्यानं फोन परत करून सांगितलं, "पण कारखान्यात कॅमेरा चालवायला परवानगी लागते."

"सर, कॅमेरा लांज्यात आहे."

"दिसतो इथं ना? मग आयटीकडं जा."

आयटीतला साई म्हणाला, परवानगी देतो, पण आधी एचआरची सही आणा. एचआर म्हणाले, ही सुरक्षेची बाब आहे, गेटवर विचारा. गेटवरच्या माणसानं नियम वाचला, पुन्हा वाचला, आणि खात्री असावी म्हणून जनार्दनच्या फोनच्या मागच्या कॅमेऱ्यावर लाल स्टिकर चिकटवला. "यानं लांज्याचा कॅमेरा कसा बंद होईल?" जनार्दननं विचारलं. "यल्ला, यल्ला," म्हणजे चला पुढं, असं गेटवरचा म्हणाला, मागं रांग होती. साईनं शेवटी सांगितलं की अर्ज वर गेलाय, इन्शाल्ला होऊन जाईल, तोवर आवाज बंद ठेवा. बोर्ड बनवणाऱ्या माणसाच्या फोनवर स्टिकर, ही गोष्ट जनार्दनच्या मनाला फार लागली. पण आवाज त्यानं बंद केला.

आवाज बंद झाला आणि दाजीकाकांना उत्तर मिळेनासं झालं. त्यांना वाटलं, जनूला ऐकू येत नसावं. म्हणून त्यांनी छत्रीच्या दांड्यानं कॅमेऱ्याचं तोंड आपल्याकडं वळवून पाहिलं. त्या खटाटोपात तो फाटकाकडून वळला आणि घराच्या पायरीकडं होऊन बसला. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, कारण त्यांच्या मते त्यांनी तो दुरुस्त केला होता.

त्या संध्याकाळी बस निघाली तेव्हा मस्कतला सहा वाजले होते. जनार्दननं सवयीनं फोन काढला. स्क्रीनवर फाटक नव्हतं. पायरी होती, आणि पायरीवर, पडवीच्या दिव्याखाली, प्रेमा बसली होती.

पोस्टातून येऊन तिनं तोंड धुतलेलं दिसत होतं, पदरानं पुसत होती. तिला कॅमेरा आपल्याकडं बघतोय याची कल्पना नव्हती. शेजारी चहाचा कप होता आणि टोस्टचा पुडा. तिनं एक टोस्ट चहात बुडवला, खाल्ला. दुसऱ्याचा तुकडा मांजराला टाकला. मग फोन घेऊन, चष्मा कपाळावरून खाली ओढून, हळूहळू टाइप करू लागली.

जनार्दनच्या स्क्रीनवर चित्राखाली ओळ उमटली. 'घावणे, नारळाचा रस.'

त्यानं वर पाहिलं. पायरीवर टोस्ट. खाली पाहिलं. घावणे.

प्रेमानं कप तोंडाला लावला, जरा थांबून विचार केला आणि पुन्हा टाइप केलं. नवीन ओळ आली. 'रस जरा गोडच झाला.'

टोस्ट संपला. तिनं पदरावरचा चुरा झटकला, पुड्याला रबर लावलं आणि ती आत गेली. पायरी रिकामी राहिली. स्क्रीननं आपलं काम चोख केलं होतं. पहिल्यांदाच एका नजरेत सगळं दिसलं होतं.

बौशरला उतरून तो जिना चढला तेव्हा कुबरा दारातच होती. त्याचा चेहरा बघून तिनं त्याला आत बसवलं. त्यानं सांगितलं. सिराजला ते ऐकून उत्साह चढला. "म्हणजे भाभी इतके दिवस खोटं लिहीत होत्या? स्क्रीनशॉट काढा जनूभाई, पुरावा पाहिजे!"

"तुम्ही गप्प बसा," कुबरा म्हणाली. मग जनार्दनकडं वळून म्हणाली, "हे कामासाठी सोहारला जातात ना, तेव्हा मी काय खाते माहितीय? मुलांच्या ताटातलं उरलेलं, उभ्या उभ्या. आणि यांना फोनवर सांगते, बिर्याणी केली."

"म्हणजे त्या दिवशी बिर्याणी नव्हती?" सिराजनं विचारलं.

"नव्हती."

"मी तिथं ती आठवून आठवून पाव खाल्ला!" सिराज म्हणाला, आणि त्यानंतर त्यानं त्या संध्याकाळी एकही सल्ला दिला नाही.

जनार्दननं आपल्या खोलीत जाऊन फोन लावला. काही बोलायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं.

"जेवलीस?"

"हो. लिहिलंय की."

"रस गोड झाला म्हणे."

"हं. गूळ जरा जास्त पडला."

"प्रेमा," तो म्हणाला, "दाजीकाकांनी कॅमेरा फिरवलाय. पायरी दिसते."

"माणसानं स्वतःच्या पायरीवर बसून टोस्टसुद्धा खायचा नाही का?" प्रेमा एकदम चिडली. जनार्दनला बरं वाटलं. पण चिडणं लगेच ओसरलं. "आधी खरंच करत होते," ती म्हणाली. "अगदी सगळं. मग एकदा दमले होते, म्हटलं आज नुसतं लिहू. तर तुम्ही इतकं विचारलंत, वाटण कसं केलं, कांदा कुठला घेतला, की सांगता सांगता मलाच जेवल्यासारखं झालं. मग रोज पोस्टात बसल्या बसल्या ठरवायचे, आज यांना काय वाढू. खिडकीवर माणसं मनीऑर्डरीचं विचारायची आणि माझं लक्ष वाटणात. एकटीसाठी कोण घालतं हो एवढा घाट?"

जनार्दननं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"रागावलात?"

"नाही गं."

"तुम्ही काय जेवलात?"

"मस्त," तो सवयीनं म्हणाला.

"म्हणजे अंडं आणि तो तिथला कुबूस पाव," प्रेमा म्हणाली. "तुम्ही मस्त म्हणालात की मला कळतं. त्याला कॅमेरा लागत नाही."

दोघंही हसले. मग हसू संपलं तरी कुणी फोन ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी जनार्दननं स्क्रीनवरून एकेक गोष्ट काढून टाकली. कॅमेरा आधी. मग हवामान, घड्याळ. भाचीच्या लग्नातली प्रेमा पूर्ण दिसू लागली. फोटोत ती त्याच्याकडं बघत नव्हती, बाजूला कुणाला तरी वाढत होती. हे त्याला आजवर कळलंच नव्हतं.

ठरलं ते एवढंच, की शुक्रवारी एकदा तिनं खरंच घावणे घालायचे आणि तो फोनवर बसणार. शुक्रवार त्याच्या सुट्टीचा, तिच्या कामाचा. रविवार तिचा, त्याच्या कामाचा. दोघांची सुट्टी एका दिवशी येण्याची सोय दोन्ही सरकारांनी ठेवलेली नाही. तेव्हा ती पोस्टातून आल्यावर.

शुक्रवारी तो दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून टेबलाशी बसला. समोर काही नव्हतं, तरी त्यानं ताट मांडलं. प्रेमानं तिकडं पोह्यांच्या डब्याला टेकून फोन उभा केला. तवा दिसला, तिचा हात दिसला, पिठाची वाटी दिसली. पहिलं घावण फाटलं.

"हात विसरला," ती म्हणाली.

"तवा तापू दे नीट."

"तुम्ही नका शिकवू."

तिनं आच मोठी केली, तव्यावर तेल फिरवलं, वाटीतून पीठ ओतलं. चर्र असा आवाज झाला, वाफेचा लोट उठला आणि तिच्या फोनवर येऊन बसला. जनार्दनची स्क्रीन पांढरी झाली. तवा गेला, हात गेला, भिंत गेली. नुसतं धुकं, आणि त्यामागून तेलाचा आवाज, बांगड्यांचा आवाज, झाकणी ठेवल्याचा आवाज, आणि मिठाबद्दल ती स्वतःशी काहीतरी पुटपुटली तो आवाज.

तो पुढं वाकला. कुणी श्वास ऐकावा तसा ऐकत राहिला.

"दिसतंय ना?" प्रेमानं विचारलं.

"दिसतंय."

"बघा कशी जाळी पडलीय. पडलीय ना नीट?"

नजरेखालून घातल्याशिवाय उभ्या नोकरीत एकही बॅच पुढं न सोडलेला इन्स्पेक्टर त्या पांढऱ्या स्क्रीनकडं बघत म्हणाला, "छान पडलीय. एकदम छान."

"मग उलटते," ती म्हणाली.